वैमानिक होण्याचा निर्णय : आधी काय, मग काय

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयातील शिक्षकांकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे आणि गावातील चार जाणत्या माणसांकडे पालकांची ये-जा सुरू होते. मुलाने किंवा मुलीने पुढे काय करावे, हा त्यांचा प्रश्न असतो. अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी, शिक्षणशास्त्र या वाटा आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. अलीकडे मात्र या यादीत आणखी एका व्यवसायाची भर पडली आहे. 'मला विमान चालवायचे आहे' असे सांगणारा विद्यार्थी आता केवळ मुंबई-पुण्यातच आढळतो असे नाही. शिर्डी येथे २०१७ साली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपी येथे २०२१ साली विमानतळ सुरू झाला. नाशिक, कोल्हापूर, जळगाव, नांदेड या शहरांचाही प्रवासी विमानसेवेशी संबंध आला. डोक्यावरून जाणारे विमान खाली उतरताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांच्या मनात ते चालविण्याची इच्छा निर्माण व्हावी, हे स्वाभाविकच होय.

ही इच्छा ऐकून पालक गोंधळतात. काहीजण ती हसण्यावारी नेतात. तर काहीजण मुलाच्या शब्दाखातर एखादा भूखंड किंवा एकरभर जमीन विकून एका रकमेत शुल्क भरून मोकळे होतात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. वैमानिकाचा व्यवसाय सामान्य कुटुंबातील मुलाला अशक्य नाही. परंतु या व्यवसायाकडे जाणाऱ्या मार्गावर काही पायऱ्या अल्प खर्चाच्या आहेत आणि काही फार मोठ्या खर्चाच्या. अल्प खर्चाच्या पायऱ्या आधी चढाव्यात, मोठा खर्च शेवटी करावा, हे या निर्णयाचे मुख्य सूत्र आहे. बहुतेक कुटुंबांचे नुकसान हा क्रम उलटा लागल्यामुळे होते.

जुनी परंपरा, नवी संधी

महाराष्ट्राचा आणि नागरी विमानोड्डाणाचा संबंध जुना आहे. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. तो भारतात देण्यात आलेला पहिला परवाना होय. त्याच टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आपले छोटे विमान उतरविले आणि भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला. पुढे १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानाचे सारथ्य केले. त्या विमानातील सर्व कर्मचारी स्त्रिया होत्या. मुलीने वैमानिक व्हावे की नाही, अशी शंका आजही एखाद्या घरात निघते, तेव्हा हे उदाहरण पुरेसे बोलके ठरावे. परवान्याच्या नियमांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाही.

आज या क्षेत्राचा विस्तार होत आहे, यात शंका नाही. २०२३ साली देशातील दोन मोठ्या विमान कंपन्यांनी मिळून साडेनऊशेहून अधिक विमानांची मागणी नोंदविली. ही विमाने पुढील अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतील आणि ती चालविण्यास माणसे लागतील. मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. २०२२ साली देशात १,१६५ व्यावसायिक वैमानिक परवाने देण्यात आले होते; २०२३ साली ही संख्या १,६२२ वर गेली. अर्थात संधी वाढत असताना तिच्यासाठी उभे असणारेही वाढत आहेत.

शिक्षणाची अट

भारतात वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावी परीक्षा भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन उत्तीर्ण होणे, ही प्रदीर्घ काळ चालत आलेली अट आहे. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्या अनेकांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत हे दोन विषय देऊन ही अट पूर्ण केली आहे. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ साली सुरू झाला होता. म्हणून प्रवेश घेताना त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे महासंचालनालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावे. एखाद्या संस्थेच्या प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

याचा शाळांतील शिक्षकांनी घ्यावयाचा बोध एवढाच की, दहावीनंतर शाखा निवडताना ज्या विद्यार्थ्याच्या मनात वैमानिक होण्याची इच्छा आहे, त्याने गणित सोडू नये. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्यांना पुढे पुन्हा परीक्षेस बसावे लागते आणि त्यात वर्ष जाते.

दुसरी बाब इंग्रजीची. आकाशातील वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्यातील संभाषण इंग्रजीतून चालते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविलेल्या असून वैमानिकाला किमान चौथी पायरी गाठावी लागते. हे इंग्रजी वाङ्मयीन नसते. आकडे, दिशा, उंची, हवामान आणि अडचण स्पष्ट शब्दांत सांगता येणे व ऐकलेले अचूक समजणे, एवढी त्याची अपेक्षा असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने त्यामुळे माघार घेण्याचे कारण नाही. परंतु अकरावीपासूनच ऐकण्याचा व बोलण्याचा सराव सुरू करावा, हे बरे.

पहिली पायरी : वैद्यकीय तपासणी

या मार्गातील सर्वांत महत्त्वाची पायरी सर्वांत स्वस्तही आहे. ती म्हणजे वैद्यकीय तपासणी. विद्यार्थी वैमानिकासाठी दुसऱ्या वर्गाचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या वर्गाची तपासणी महासंचालनालयाने मान्यता दिलेले डॉक्टर करतात. त्यानंतर पहिल्या वर्गाची तपासणी बंगळूरच्या वैमानिकी वैद्यक संस्थेसारख्या वायुदलाच्या केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी होते. दृष्टी, श्रवण, हृदय, रक्तदाब, रक्तशर्करा, मज्जासंस्था आणि मानसिक आरोग्य यांचा त्यात विचार केला जातो.

या तपासणीविषयी समाजात दोन गैरसमज आहेत. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, हा पहिला. चष्म्याने दृष्टी ठरविलेल्या मर्यादेपर्यंत सुधारत असेल, तर नागरी विमान वाहतुकीत चष्मा हा अडथळा ठरत नाही. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. मुलगा धडधाकट आहे, मैदानावर खेळतो, म्हणजे तपासणीत तो पात्र ठरणारच, असे घरचे मानतात. रंगांधळेपणाची बाब या ठिकाणी लक्षात घेतली पाहिजे. हा दोष जन्मजात असतो, तो मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो आणि ज्याला तो आहे त्याला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. शेतीत, शाळेत, खेळात त्यावाचून काही अडत नाही. विमानतळावरील तांबडे, हिरवे व पांढरे दिवे ओळखण्याची वेळ आली की मात्र अडते. गावाजवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या आकृत्यांवरून होणारी ही प्राथमिक चाचणी काही मिनिटांची असते. लाखो रुपये भरल्यानंतर हा दोष उघड होणे आणि एक रुपयाही न भरता तो उघड होणे, यांतील अंतर कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठे आहे.

तपासणीत 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मिळाला, तरी निराश होऊ नये. वाढलेले वजन किंवा रक्तदाब यांसारख्या कारणांवर उपचार करून पुन्हा तपासणी करता येते. मात्र पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही संस्थेत मोठी रक्कम भरू नये, हा नियम प्रत्येक कुटुंबाने कटाक्षाने पाळावा.

दुसरी पायरी : लेखी परीक्षा

वैमानिकाचे प्रशिक्षण म्हणजे केवळ विमानात बसून सुकाणू हाताळणे, अशी सर्वसामान्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग टेबलापाशी बसून पुरा होतो. हवाई मार्गनिर्देशन, विमानोपयोगी हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा महासंचालनालय घेते. उत्तीर्ण होण्यासाठी शेकडा ७० गुण आवश्यक असतात. त्याखेरीज बिनतारी संभाषणाची स्वतंत्र परीक्षा असते. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला महासंचालनालयाकडून परीक्षार्थी क्रमांक घेऊन, प्रत्यक्ष उड्डाण सुरू करण्यापूर्वीच या परीक्षांना बसता येते. त्यांचे शुल्क उड्डाणाच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे.

या अभ्यासाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक लहान विमान ताशी १०० सागरी मैल वेगाने सरळ उत्तरेकडे निघाले आहे आणि पश्चिमेकडून ताशी २० सागरी मैल वेगाचा वारा वाहतो आहे. वैमानिकाने नाक नेमके उत्तरेला धरून ठेवले, तर तासाभरात विमान आपल्या मार्गापासून २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर पूर्वेला सरकलेले असेल. मार्गावर राहण्यासाठी त्याने विमानाचे नाक सुमारे साडेअकरा अंश पश्चिमेकडे वळविले पाहिजे. तसे केले की पुढे जाण्याचा वेग थोडा कमी होतो, वेळ वाढतो आणि इंधनही अधिक लागते. ती वाढही आधीच हिशेबात धरावी लागते. नदी ओलांडणारा नावाडी होडीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध थोडे तिरके धरतो, त्यातलाच हा प्रकार. यासाठी लागणारे त्रिकोणमितीचे ज्ञान दहावी-बारावीच्या पुस्तकांत आहे. मात्र ते घाईत, मोजक्या मिनिटांत आणि न चुकता वापरता आले पाहिजे.

या परीक्षांचा दुहेरी उपयोग आहे. त्या देत असताना विद्यार्थ्याची आवड खरी आहे की ती केवळ गणवेशाचे आणि पगाराचे आकर्षण आहे, हे त्याचे त्यालाच कळते. हवामानाचे नकाशे आणि इंजिनाची रचना यांत ज्याचे मन रमते, त्याने पुढे जावे. सहा-आठ महिन्यांत ज्याला या पुस्तकांचा कंटाळा आला, त्याचे फारसे काही गेलेले नसते.

तिसरी पायरी : उड्डाण प्रशिक्षण

यानंतर मोठ्या खर्चाची पायरी येते. व्यावसायिक परवान्यासाठी एकूण किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी प्रशिक्षणार्थ्याने स्वतः सांभाळलेली असावी लागते. दूरच्या विमानतळांपर्यंतची उड्डाणे, रात्रीची उड्डाणे आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेली उड्डाणे यांचा त्यात समावेश असतो.

आपल्या राज्यात गोंदिया, बारामती, धुळे येथे उड्डाण प्रशिक्षणाची सोय झाली आहे. नागपूर फ्लाइंग क्लब ही राज्य शासनाशी संबंधित असलेली जुनी संस्था आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी असून तेथील प्रवेश परीक्षेद्वारे होतात. परदेशातही हे प्रशिक्षण घेता येते आणि अनुकूल हवामानामुळे तेथे ते काही वेळा लवकर पुरे होते. परंतु तो परवाना भारतात रूपांतरित करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी येथील परीक्षा व चाचण्यांना सामोरे जावेच लागते.

संस्था निवडताना इमारतीची भव्यता अगर जाहिरातीतील छायाचित्रे पाहू नयेत. पालकांनी स्वतः तेथे जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. संस्थेकडे विमाने किती आणि त्यांपैकी आज उडण्यायोग्य किती? विद्यार्थी किती आणि प्रशिक्षक किती? गेल्या दोन वर्षांत येथून परवाना मिळविलेल्यांना २०० तास पूर्ण करण्यास प्रत्यक्षात किती महिने लागले? पावसाळ्यात काय होते? शुल्क टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांच्या प्रमाणात घेतले जाते की एकरकमी? प्रशिक्षण मध्येच सोडावे लागल्यास पैसे परत मिळण्याची लेखी तरतूद आहे काय? पन्नास विद्यार्थ्यांसाठी दोनच विमाने उडत असतील, तर एका वर्षाचा अभ्यासक्रम अडीच-तीन वर्षे लांबतो, हे समजण्यास विमानशास्त्राचे ज्ञान लागत नाही. तेथे सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांशी संस्थेच्या आवाराबाहेर बोलणे, हा माहितीचा सर्वांत विश्वसनीय मार्ग होय. महासंचालनालयानेही २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर करण्यास प्रारंभ केला, तीही पहावी.

उड्डाणाचे तास कागदोपत्री भरून देण्याचे आमिष कोणी दाखविल्यास तेथून तत्काळ दूर व्हावे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आणि काही वैमानिकांना अटकही झाली. परवाना गमावणे ही त्यातील लहान हानी आहे. न उडालेल्या तासांची उणीव एखाद्या वादळी संध्याकाळी दोनशे प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते, ही मोठी.

पैशाचा हिशेब

भारतातील संस्थांमध्ये व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज साधारणपणे ४० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. त्यापुढे विशिष्ट जातीचे मोठे विमान चालविण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यास टाइप रेटिंग म्हणतात. हे प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या हुबेहूब यांत्रिक प्रतिकृतीत दिले जाते आणि त्यासाठी आणखी १० ते २० लाख रुपये लागू शकतात. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांची आधी निवड करून संपूर्ण प्रशिक्षणाची आखणी करून देतात. परंतु त्याचा खर्च कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो, आणि नोकरीचे आश्वासनही बहुधा काही अटींवर असते. त्या अटी शब्दशः वाचाव्यात.

कर्जाचा विचार करू. समजा, एका कुटुंबाने ५० लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज शेकडा ११ व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीने घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो आणि दहा वर्षांत परत करावयाची एकूण रक्कम ८२ लाखांच्या पुढे जाते. प्रशिक्षणाच्या काळात हप्ता भरावा लागत नसला, तरी व्याज थांबत नाही. या उदाहरणात ते वर्षाला साडेपाच लाख रुपये होते. प्रशिक्षण एक वर्ष लांबले अथवा नोकरी एक वर्ष उशिरा मिळाली, तर तेवढी भर पडते. नोकरीत स्थिरावलेल्या वैमानिकाला हा हप्ता जड जात नाही. नोकरीची वाट पाहणाऱ्या वैमानिकाच्या वडिलांना तो पेलवत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण आहे. मोठ्या रकमेच्या कर्जास बँका तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून घेण्यास त्या सहसा तयार नसतात. कारण थकलेल्या कर्जाच्या जलद वसुलीचा कायदा शेतजमिनीस लागू होत नाही. परिणामी कर्जाऐवजी जमीन विकण्याचा पर्याय पुढे येतो. येथे पालकांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा. परवाना मिळूनही दोन वर्षे नोकरी मिळाली नाही, तर घर चालेल काय आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण सुरू राहील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या मार्गाने जाऊ नये.

शासकीय साहाय्याच्या योजनांची चौकशी अवश्य करावी. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी महात्मा जोतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजेच महाज्योतीने, नागपूर फ्लाइंग क्लबच्या सहकार्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली होती. अशा योजनांच्या जागा मोजक्या असतात आणि अर्जाची मुदतही अल्प असते. यांची माहिती वेळेवर गावापर्यंत पोहोचविणे, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांनी करण्याजोगे काम आहे. चालू वर्षी कोणती योजना खुली आहे, हे जिल्ह्यातील समाज कल्याण व बहुजन कल्याण कार्यालयांत समजू शकते.

परवान्यानंतर

व्यावसायिक परवाना म्हणजे नोकरी नव्हे, ही गोष्ट अनेक घरांत उशिरा समजते. परवानाधारकास विमान कंपनीच्या लेखी, मानसशास्त्रीय व सिम्युलेटरवरील चाचण्या द्याव्या लागतात. निवड झाल्यावर तो सहवैमानिक म्हणून रुजू होतो. किमान १,५०० तासांचा अनुभव आणि पुढील परीक्षा यांनंतर त्यास विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरिष्ठ परवाना मिळू शकतो व कालांतराने तो मुख्य वैमानिक, म्हणजे कॅप्टन होतो.

या व्यवसायाला भरती-ओहोटी आहे. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे २०१२ साली थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे संपूर्ण बंद होती. अशा प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिकही नोकरीच्या शोधात बाहेर पडतात आणि केवळ २०० तासांचा नवखा परवानाधारक त्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. परवाना चालू ठेवण्यासाठी त्याला या काळातही खर्च करावा लागतो. अठराव्या वर्षी प्रशिक्षण सुरू करणाऱ्यास ते संपताना भरती असेल की ओहोटी, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून प्रशिक्षणाबरोबर किंवा त्यापूर्वी एखादी पदवी पूर्ण करणे शहाणपणाचे ठरते. पदवीची अट नसली, तरी पदवी ही पडत्या काळातील आधाराची काठी आहे.

कामाचे स्वरूप

वैमानिकाचे जीवन बाहेरून दिसते तितके सुखासीन नाही. पहाटे तीनला उठून कामावर जाणे, सणावाराला घराबाहेर असणे, आज कोलकाता तर उद्या कोची, हे नित्याचे असते. वर्षात १,००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करण्यास मनाई आहे. थकव्याचा धोका ओळखून महासंचालनालयाने २०२४ साली विश्रांतीचे नियम अधिक कडक केले. आठवड्यातील सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली आणि २०२५ साली ती अमलात येऊ लागली. उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्यपान निषिद्ध असून कामावर येताना श्वासाची तपासणी होते. ठराविक काळाने सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागते. इंजिन बंद पडणे, धूर होणे, हवेचा दाब कमी होणे असे प्रसंग तेथे मुद्दाम उभे केले जातात. वैद्यकीय तपासणीही दरवर्षी असते. नोकरी लागली की परीक्षा संपल्या, असे या व्यवसायात घडत नाही. ती निवृत्तीपर्यंत चालू राहते.

सुरक्षिततेची चिंताही पालकांच्या मनात असते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या भीषण अपघाताने ती अधिक गडद झाली. ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु नियमित प्रवासी विमान वाहतूक ही प्रवासाच्या सर्वांत सुरक्षित साधनांपैकी एक आहे, हेही तितकेच खरे. जो मुलगा नियम पाळण्यास कंटाळतो, यादी वाचून काम करणे ज्याला कमीपणाचे वाटते, त्याच्यासाठी मात्र हा व्यवसाय धोक्याचा आहे. येथे धाडसापेक्षा शिस्तीला आणि चूक झाल्यास ती लपविण्यापेक्षा सांगण्याला अधिक मोल आहे. विद्यार्थ्यास वर्षानुवर्षे पाहणारे शिक्षक या बाबतीत पालकांपेक्षाही नेमका सल्ला देऊ शकतील.

आकाशाकडे जाणाऱ्या इतर वाटा

खर्च न पेलणाऱ्या कुटुंबातील मुलासाठी आकाशाचे दार बंद होत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेतून वायुदलाच्या उड्डाण शाखेत जाता येते. तेथील प्रशिक्षणाचा खर्च शासन करते आणि मुलींनाही आता तेथे प्रवेश आहे. या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे मुलांसाठी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था स्थापन केली आणि २०२३ साली नाशिक येथे मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. अर्थात लष्करी सेवा ही स्वतंत्र निष्ठेची मागणी करते. विमान कंपनीच्या नोकरीकडे जाण्याची स्वस्त वाट म्हणून तिच्याकडे पाहणे योग्य नव्हे.

भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाची पदवी अथवा अभियांत्रिकीची पदवी मिळविणाऱ्यास भारतीय विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रक होता येते. विमानांची देखभाल व दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याचेही स्वतंत्र प्रशिक्षण असून त्याचा खर्च वैमानिक प्रशिक्षणाच्या मानाने बराच कमी असतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमान दुरुस्तीचे केंद्र असल्याने या कौशल्यास राज्यातच वाव आहे. वैमानिकाने विमान हाती घेण्यापूर्वी त्यावर या अभियंत्याची सही झालेली असते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

सल्ला देणाऱ्यांसाठी

एखादा विद्यार्थी पालकांसह सल्ल्यासाठी आला, तर त्यास पुढील क्रम सांगावा. प्रथम जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे रंगदृष्टीची चाचणी. नंतर दुसऱ्या व पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. त्यानंतर घरी राहून लेखी परीक्षांचा अभ्यास आणि त्यांपैकी किमान दोन-तीन विषयांत यश. मग दोन-तीन संस्थांना प्रत्यक्ष भेट आणि शक्य असल्यास प्रशिक्षकासोबत एक छोटे उड्डाण. या साऱ्यास वर्षभराचा काळ लागेल. परंतु खर्च एखाद्या सामान्य महाविद्यालयीन वर्षाइतकाच येईल. शेवटी पैशाचा हिशेब आणि नोकरी लांबल्यास काय करावयाचे, याचे कागदावर लिहिलेले उत्तर. या पाचही पायऱ्या पार झाल्यावर जो विद्यार्थी अजूनही आपल्या इच्छेवर ठाम असेल, त्यास थांबविण्याचे कारण उरत नाही. आणि जो मध्येच दुसऱ्या वाटेने वळेल, त्याच्या घरची जमीन जागेवर असेल.

विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागते, तेव्हा एका ठराविक वेगापर्यंतच वैमानिक उड्डाण रद्द करून थांबू शकतो. त्या वेगापलीकडे गेल्यावर थांबण्यास धावपट्टी पुरत नाही. मग उड्डाण करावेच लागते. हा वेग विमानाचे वजन, वारा आणि धावपट्टीची लांबी पाहून उड्डाणापूर्वीच काढून ठेवलेला असतो. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या कुटुंबानेही आपली ही मर्यादा मोठी रक्कम भरण्यापूर्वी ठरवून ठेवावी आणि गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यांना त्या कामी मदत करावी.